रेडिएटरातला खार

सोयरीक बोलायला जायचं तर अँबेसेडरनेच, हे खुशालरावांनी जाहीर करून टाकलं होतं. थोरल्या शेखरच्या लग्नाला हीच गाडी परतवाड्याला गेली होती, आता धाकट्या नितेशच्याही जाणार. तिने गेल्या गुरुवारी अमरावतीहून येताना खोलापूरच्या पुढे भर उन्हात वाफा सोडल्या आणि सगळ्यांना दोन तास बाभळीखाली बसवून ठेवलं, ही गोष्ट त्यांच्या लेखी किरकोळ होती. नितेशने भाड्याच्या गाडीचं नाव काढून पाहिलं.

“भाड्याच्या गाडीत बसून सोयरीक मागाले जाऊ? मंग पोरगं बी भाड्यानंच न्या एखादं,” खुशालराव म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला.

म्हणून शनिवारी सकाळी आठलाच दर्यापूरचा देवानंद मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन अंगणात हजर झाला. इंजिन गार आहे याची त्याने तळहाताने खात्री करून घेतली आणि मगच रेडिएटरचं झाकण फिरवलं. गरम झाकण उघडून तोंड पोळून घेतलेल्या तिघांची नावं तो दर वेळी गावासकट सांगायचा. आजही सांगितली.

पौर्णिमा ओसरीवर गहू निवडत बसली होती. ती शेखरची बायको, या घरची थोरली सून. शेखर अकोल्याला नोकरीला, पंधरवड्याने येणारा. उद्याच्या बोलणीला त्याला सुटी मिळाली नव्हती. गहू हातात होते, पण पौर्णिमाचं चित्त कालच्या फोनवर होतं. फोन प्राजक्ताचा होता. उद्या जिला पाहायला जायचं ती हीच. पौर्णिमाच्या माहेरच्या गल्लीत चार घरं सोडून सूर्यभानकाका राहतात, त्यांची मुलगी. लहानपणी पौर्णिमानेच तिच्या वेण्या घातल्या होत्या.

“ताई, एकच विचारते,” प्राजक्ता म्हणाली होती. “तुमच्याकडचं पाणी खरंच गोड हाये का? बाबा म्हणतात, पौर्णिमा सांगन ते धरू.”

“रविवारी येतेच हाये ना. तवा सांगते,” असं म्हणून पौर्णिमाने फोन ठेवला होता.

पूर्णेच्या काठचा हा सगळा पट्टा खारपाणाचा. जमीन काळीभोर, कापूस, तूर, हरभरा उत्तम. पण खाली जावं तितकं पाणी खारट. डोंगराकडची माणसं इथे मुलगी द्यायला का-कू करतात ती एवढ्याचसाठी. नितेशला आजवर सात ठिकाणांहून नकार आला होता, आणि सातही वेळा मुलगा चांगला, शेती चांगली, इथपर्यंत येऊन बोलणं पाण्यावर अडलं होतं. खुशालरावांचं उत्तर ठरलेलं असायचं. “आमची इहीर गोड हाये. गावात एकच. माह्या सुनेले इचारा, ती बी डोंगराकडचीच हाये.”

पंचाईत एवढीच होती की विहीर गोड नव्हती.

एके काळी होती. सत्तावीस वर्षांपूर्वी खुशालरावांनी संत्र्याची बाग लावायची म्हणून तिच्या तळाला बोअर मारलं आणि खालचं खारं पाणी वर आलं. त्याच महिन्यात त्यांचे वडील वारले होते. माणूस दोन घासही जेवत नव्हता. तेव्हा रुख्मिणीबाईंनी ठरवलं, नवऱ्याला चार दिवस सांगायचं नाही. त्यांच्या माठात त्या नदीकाठच्या झिऱ्यावरून आणलेलं पाणी भरू लागल्या. ते चार दिवस काही संपले नाहीत. पुढे गावात धरणाच्या पाण्याचा नळ आला. नळाच्या पाण्याला आपण तोंड लावणार नाही, असं खुशालरावांनी चावडीवर सांगितलं, आणि तेव्हापासून रोज नळाचंच पाणी पिऊन विहिरीची तारीफ करत आले. संत्री वाळली तेव्हा त्यांनी रोपं विकणाऱ्याला दोष दिला, आणि अंघोळीला फेस येईना तेव्हा साबणाला.

पौर्णिमाला हे लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी कळलं. न्हाऊन आली तर केसांचे दोरखंड झाले होते. रुख्मिणीबाई न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. “यायले सांगू नको वो माय,” सासऱ्यांच्या खोलीकडे मान करून एवढंच त्या म्हणाल्या. पौर्णिमाने सांगितलं नाही. आता अठरा वर्षं झाली.

अंगणात देवानंदने रेडिएटरच्या खालची तोटी उघडली. पाणी येईना. त्याने तारेने टोचलं तेव्हा कुठे चहासारखं तांबूस पाणी घमेल्यात पडलं, तेही थेंब थेंब. मग त्याने खालचा रबरी पाइप काढला, तिथे विहिरीच्या मोटारीचा पाइप फडक्याने घट्ट बसवला आणि उलटं पाणी सोडलं. पहिल्यांदा चिखल निघाला. त्यामागून पांढरे पापुद्रे, काही तर नखाएवढे.

देवानंदने एक पापुद्रा तळहातावर घेऊन चुरला. “हा गंज नाई. हा खार हाये. काकाजी, रेडिएटरमंधी पानी कोन्तं टाकता?”

“घरच्या इहिरीचं. दर सोमवारी मी सवता पाहतो.”

“कवापासून?”

“झाले चार वर्ष. पहिले शेखर पाहे.”

पौर्णिमाचा हात सुपातच थांबला. शेखर रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी कधीच टाकत नव्हता. बॅटरीत घालतात तसल्या पाण्याच्या बाटल्या तो दर्यापूरच्या दुकानातून आणायचा आणि मागच्या सीटखाली लपवायचा. त्याची अकोल्याला बदली झाली आणि हे काम कोणाकडे सोपवायचं राहूनच गेलं. सासऱ्यांच्या माठाची काळजी घरात तीन माणसं वाहत होती, गाडीची आठवण कोणालाच राहिली नव्हती. तिला मनातून वाईट वाटलं. सासरे दर सोमवारी लोटा घेऊन, बाहीने बॉनेट पुसून, किती मायेने ते पाणी ओतायचे, हे तिने याच ओसरीवरून पाहिलं होतं.

“चार वर्षांत नळ्या बुजल्या,” देवानंद सांगत होता. “पानी फिरनंच बंद झालं, मंग इंजिन तापन नाई तं काय करन? पंपाचं पातं बी खाल्लं असन या खारानं. मी पावडर टाकून दोन-तीन पान्यानं साफ करतो. शेवटी बाटलीचं पानी अन् कूलंट निम्मं-निम्मं. पन यापुढं तुमच्या इहिरीचा एक थेंब बी टाकू नका.”

खुशालराव खाटेवरून उठले. “देवानंद, तू घरचा म्हून सांगतो. मी तेच पानी पेतो. जनमापासून पेतो. खारं असतं तं माह्या जिभेले समजलं नसतं?”

“जिभेचं मले नाई माहीत, काकाजी.”

“नाई, तू म्हणून राहिला ना, खार हाये. कायच्यावरून?”

देवानंदने वाद घातला नाही. रबरी पाइप परत जोडला, पावडर टाकून इंजिन पंधरा मिनिटं चालवलं, मग बंद केलं आणि सायलेन्सरला जाणाऱ्या लोखंडी नळीकडे बोट दाखवलं. ती इतकी तापली होती की वरची हवा थरथरत होती. “आमचे उस्ताद असंच पाहत. तापल्या लोखंडावर दोन थेंब टाकाचे. पानी उडून जाते, खार राहते. एक गिलास मोटारीचं घेऊ, अन् एक तुमी पेता ते.”

“दोन्ही एकाच इहिरीचं हाये.”

“मंग डाग बी एकच पडन.”

“पौर्णिमा,” खुशालरावांनी हाक मारली, “माठातलं गिलासभर पानी आन वो.”

ती आत गेली. रुख्मिणीबाई माठासमोर उभ्या होत्या. खिडकीतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या पिंपाकडे मानेनेच खूण केली. त्या पिंपात भांडी घासायचं विहिरीचं पाणी होतं.

“त्यातलं ने,” त्या हळू म्हणाल्या. “दोन्ही डाग एक निघतीन. मिस्त्री चूप बसन.”

नितेशही मागोमाग आत आला होता. एरवी वडिलांच्या हट्टाला तोच सगळ्यात जास्त वैतागायचा, पण आज तो आईच्या बाजूला जाऊन उभा राहिला. “वयनी, आई बरोबर म्हणते. उद्याचं एकदा होऊन जाऊ द्या. आता नळ हाये, कोन मरून राहिलं पान्यावाचून? बाबा तिथं सांगतीन, तुमी फक्त हो म्हना.”

“प्राजक्तानं मले फोन करून इचारलं, भाऊजी.”

नितेशने तिच्याकडे वळून विचारलं, “मंग तुमी काय सांगतलं?”

“उद्या सांगते म्हटलं.”

“सात झाले, वयनी,” नितेश म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते पौर्णिमाला जास्त लागलं. “आठवी बी नाई म्हणन. मी चौतीस वर्षाचा हावो.”

पौर्णिमाला त्याचा खरोखर कळवळा आला. ती या घरात आली तेव्हा हा सोळा वर्षांचा होता, दहावीचा पेपर अवघड गेला म्हणून तिच्याजवळ येऊन रडला होता. एका गिलासाने त्याचं लग्न जमत असेल तर तो पिंपात बुडवायला तिचा हात लगेच पुढे झाला असता. पण गिलास हातात धरून ती उभीच राहिली.

“माह्याकडं पाय,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “सत्तावीस वर्षं मी हे वाह्यलं. त्याइचं मन मोडू नाई म्हून वाह्यलं.”

“मले माहीत हाये, आत्याबाई. अर्धं मी बी वाह्यलं.” पौर्णिमाने गिलास माठाजवळ नेला. “आता प्राजक्तानं बी येऊन हेच करावं का? ती न्हाऊन आल्यावर तिच्या दारात मी उभी राहू, अन् म्हनू, सांगू नको वो माय?”

रुख्मिणीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या माठासमोरून बाजूला झाल्या.

देवानंदने दोन्ही गिलासांत आळीपाळीने बोट बुडवून तापल्या नळीवर चार-चार थेंब सोडले. चुर्र झालं आणि वाफ गेली. मोटारीच्या पाण्याने चुना सांडावा तसा पांढरा डाग पडला. माठातल्या पाण्याचा डाग शोधावा लागला.

खुशालराव वाकून पाहत राहिले. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि पुन्हा पाहिलं. देवानंदला एव्हाना काहीतरी उमगलं होतं. तो पान्याने एक घट्टच असलेला नट आणखी घट्ट करू लागला.

“पुन्ना टाक,” खुशालराव म्हणाले.

त्याने पुन्हा टाकले. डाग तसेच पडले.

मग खुशालराव मोटारीच्या पाइपाकडे गेले. वाहत्या पाण्याखाली ओंजळ धरली आणि प्यायले. पहिला घोट त्यांनी कितीतरी वेळ तोंडात धरून ठेवला. ते थुंकतील असं पौर्णिमाला वाटलं, पण त्यांनी तो गिळला आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

“कवापासून?” त्यांनी दाराकडे न पाहता विचारलं. दारात रुख्मिणीबाई आहेत हे त्यांना ठाऊक होतं.

“बोअर मारलं तवापासून.”

“मंग संत्री बी त्यानंच गेली.”

“हो.”

“अन् मी त्या रोपवाल्याले भर बाजारात काय काय बोललो.”

रुख्मिणीबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “तवा तुमी जेवत नव्हते. मनलं, जेवाले लागले का सांगू. मंग जेवाले लागले तं...”

ते रागावतील या भीतीने घर इतकी वर्षं जपून चाललं होतं. ते रागावले नाहीत. खाटेवर जाऊन बसले आणि अंगणातल्या घमेल्याकडे पाहत राहिले. त्यात चार सोमवार नव्हे, चार वर्षांचे सोमवार पांढरे होऊन पडले होते. थोड्या वेळाने त्यांनी पौर्णिमाला जवळ बोलावलं.

“तुह्या बापाले मी शब्द देल्ला होता. माह्या घरी पोरीले पान्याचा तरास नाई, म्हटलं होतं.”

“तुमाले माहीत नव्हतं, मामाजी.”

“तुले तं माहीत पडलं ना? कवा?”

“तिसऱ्या दिवशी.”

“मंग बापाले काहून नाई सांगतलं?”

याचं उत्तर तिने आजवर स्वतःलाही दिलं नव्हतं. “ते मले घेऊन गेले असते,” ती म्हणाली. “मले इथं राह्याचं होतं.”

खुशालरावांनी मान हलवली आणि नितेशला हाक मारली. “नुसता उभा राहू नको. देवानंदले हात लाव. उद्या सकायी सात वाजता निंगाचं हाये.”

दुपारपर्यंत काम चाललं. तिसऱ्या पाण्याला रेडिएटरमधून स्वच्छ धार आली. रबरी पाइप दाबून पाहिले, त्यातला एक तडकला होता तो बदलला. पंपाचं पातं शाबूत निघालं, याचं देवानंदला स्वतःलाच नवल वाटलं. कूलंट आणि बाटलीचं पाणी नितेशने ओतलं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, आतली हवा बुडबुड करत निघून गेली, पातळी उतरली तशी त्याने आणखी ओतलं. वडील शेजारी उभे होते, पण एकदाही मध्ये बोलले नाहीत. घमेल्यातलं पाणी आणि सांडलेलं कूलंट देवानंदने डब्यात भरून झाकण लावलं. ते गोड लागतं, जनावरं चाटतात आणि मरतात, असं त्याने बजावलं.

रविवारी अँबेसेडर अंजनगाववरून परतवाड्याला निघाली तेव्हा इंजिनच्या तापमानाचा काटा जो मध्यावर थांबला तो तिथेच राहिला. नितेश गाडी चालवत होता. तिथे काय बोलायचं हे घरात कोणी ठरवलं नव्हतं, कारण विचारायची कोणाला हिंमत झाली नव्हती. डिकीत पाच लिटरची एक कॅन होती. ती खुशालरावांनी पहाटे स्वतः भरून ठेवली होती.

सूर्यभानकाकांच्या बैठकीत माणसं जमली होती. पौर्णिमाचे वडील गोवर्धनराव गल्लीतलेच म्हणून आले होते आणि दाराजवळच्या खुर्चीवर काठी घेऊन बसले होते. पोहे आले, चहा आला. प्राजक्ता येऊन आईशेजारी बसली. कशातून सुरुवात करावी म्हणून सगळे ऊन फार वाढलं असं बोलत होते, तेवढ्यात खुशालरावांनी एक रिकामा गिलास मागितला, पायाशी आणून ठेवलेली कॅन उघडली, गिलास भरला आणि प्राजक्तासमोर ठेवला.

“पोरी, पहिले हे पेऊन पाय. हे माह्या इहिरीचं पानी हाये. सोयरीक मंग बोलू.”

प्राजक्ताने एकदा पौर्णिमाकडे पाहिलं. घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ते लपवायचं तिला सुचलंच नाही.

“खारं हाये,” ती म्हणाली.

“खारंच हाये,” खुशालराव म्हणाले. “मी सात घरी गोड हाये म्हून सांगतलं. खोटं बोलाचं म्हून नाई सांगतलं, पन खोटं झालं.” मग ते दाराकडे वळले. “अन् सोयरे, सगळ्यात पहिले तुमाले सांगतलं होतं. अठरा वर्षं झाले. मले कालच समजलं. तुमच्या पोरीनं मले समजू देल्लं नाई, अन् तुमाले बी नाई.”

नितेशने मान खाली घातली होती. पौर्णिमाची वडिलांकडे पाहायची छाती होईना.

गोवर्धनरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “मले माहीत होतं,” ते म्हणाले.

पौर्णिमाने मान वर केली.

“पहिल्या दिवाळीले घरी आली. चपला बी काढल्या नाई, सरळ माठाजवळ गेली. उभ्यानं तीन गिलास पानी पेली. मी दारातून पाह्यलं. अशी तिले कवा पेतानी मी पाह्यलं नव्हतं.”

“मंग बाबा, तुमी मले इचारलं काहून नाई?” पौर्णिमाने विचारलं.

“तू चार दिवस होती. रोज वाट पाह्यली, आता सांगन, मंग सांगन. तू नाई सांगतलं. जातानी हसत गेली. मनलं, पोरीले तिथं राह्याचं हाये. आपुन इचारून कायले अडवाचं?”

अठरा वर्षं जे लपवण्यासाठी ती माहेरी मोजूनमापून पाणी प्यायची, ते पहिल्याच दिवाळीला उघडं पडलं होतं. पौर्णिमाला वडिलांचा राग आला, आणि लगेच त्या रागाच्या मागून भडभडून रडू आलं. तिने पदराने तोंड पुसलं. रुख्मिणीबाईंनी शेजारून तिचा हात धरला आणि तो सोडला नाही.

सूर्यभानकाका काही बोलण्याच्या बेतात होते, पण प्राजक्ताच आधी बोलली. गिलास अजून तिच्या हातात होता.

“नळ किती दिवसांनी येते?” तिने सगळ्यांनाच विचारलं.

नितेशने उत्तरासाठी वडिलांकडे पाहिलं. खुशालरावांनी हात हलवला.

“मले माह्या घरचं पानी माहीत नाई,” ते म्हणाले. “पौर्णिमाले इचार.”

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. पौर्णिमाने नाक ओढलं आणि सरळ बसली.

“चार दिवसांनी. कवा कवा सहा बी होतात,” ती म्हणाली. “टाकी हजारची हाये, ती पुरत नाई, दुसरी बसवा लागन. डाळ अन् चहा नळाच्याच पान्याचा. अन् केस इहिरीच्या पान्यानं कधीच धुवाचे नाई, प्राजक्ता. हे मले कोनी पहिले सांगतलं नव्हतं.”